ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा तो मेसेज: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर (ए आणि बी विंग, उलवे)

सेक्रेटरी (ए-३०४): सर्व सभासदांना नमस्कार. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी 'विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे' असा मेसेज येतो. मॅनेजर वैतागले आहेत. तो कायमचा बंद कसा करायचा, कोणाला माहीत असल्यास कळवावे.

केतकी (बी-७०२): काका, मेसेज बंद करून काय होणार? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. टॅली चालेल, बिलं छापली जातील. पण यापुढे त्यात सुरक्षेची जी भोकं सापडतील ती आपल्या मशीनवर उघडीच राहतील.

राणे (ए-१०१): चालतंय ना? मग कशाला हात लावायचा! अपडेट केला की प्रिंटर रुसतो, हा कायमचा अनुभव. आणि जुलै २०२४ मध्ये एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटत होते, ते कशामुळे? अपडेटमुळेच ना?

केतकी: हो, १९ जुलैला. तो विंडोजचा अपडेट नव्हता, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल होती. जगभरात सुमारे ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. अपडेटही चुकतात, हे मान्य. पण ती फाइल काढली की मशीन सुरू होत होतं. व्हायरसने कुलूप लावलेला डेटा असा परत मिळत नाही.

सावंत (बी-२०३): मी कस्टम्समधून माल सोडवायच्या, क्लिअरिंगच्या धंद्यातला माणूस, माझं ऐका. जून २०१७ ला न्हावाशेवा बंदराचं एक टर्मिनल असंच बसलं होतं. हजारो कंटेनरमधला आपला डबा कुठल्या थराला आहे ते फक्त सिस्टिमला ठाऊक, आणि सिस्टिम बंद! बाहेर ट्रेलरच्या रांगा. पार्टी फोनवर ओरडतेय, माल कधी सुटणार? सांगणार काय? उलव्यात तेव्हा राहणारे विसरले नसतील.

मोहिते काकू (ए-५०१): अगोबाई, ते व्हायरसमुळे होतं?

केतकी: हो काकू, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. त्या टर्मिनलमागच्या परदेशी कंपनीचं जगभरचं काम त्यात कोलमडलं. चीड येते ती तारखांची. विंडोजमधलं जे भोक त्याने वापरलं, त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, १४ मार्च २०१७ लाच आला होता. १२ मे ला वॉनाक्राय नावाचा दुसरा व्हायरस त्याच भोकातून शिरला, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. एवढा बोभाटा झाल्यावरही २७ जूनला नॉटपेट्याला पॅच नसलेली मशीन सापडलीच.

राणे: आत्ताच शोधलं. नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला असं लिहिलंय. म्हणजे ज्यांनी इमानदारीत अपडेट केला तेच मेले की! 😄

केतकी: बरोबर शोधलंत काका. मेडॉक नावाचं सॉफ्टवेअर, हल्लेखोर त्याच्या कंपनीच्या सर्व्हरमध्येच घुसले होते. शिरला तो तिथून. पण आत आल्यावर तो पॅच नसलेलं मशीन शोधायचा, मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने पॅच केलेल्या मशीनमध्येही घुसायचा. मागे राहिलेलं एक मशीन सगळ्या ऑफिसला पुरायचं. आपल्याकडे ऑफिसचा कॉम्प्युटर, गेटवरचा टॅब आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर), तिन्ही एकाच वायफायवर आहेत.

सावंत: त्या कंपनीचं पुढे काय झालं ते वाचण्यासारखं आहे. सगळ्या नेटवर्कमध्ये कोणाला आत घ्यायचं याचा जो मुख्य हिशोब, त्याच्या प्रती जगभर पुसल्या गेल्या. एक वाचली, ती आफ्रिकेत घानाच्या ऑफिसात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती!

राणे: मग महावितरणच आपलं खरं अँटीव्हायरस 😄

कुलकर्णी मॅडम, खजिनदार (बी-४०४): हसू नका. टॅलीचा बॅकअप आपण त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर घेतो. मशीन गेलं तर सिंकिंग फंडाचे हिशोब, शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर, सगळंच गेलं.

केतकी: मॅडम, एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. दर शुक्रवारी बॅकअप घ्यायचा आणि केबल काढून कपाटात ठेवायची. जोडूनच ठेवली तर तीही व्हायरसच्या तावडीत सापडते.

मोहिते काकू: मलाही काल व्हॉट्सॲपवर 'बँकेचं ॲप अपडेट करा' म्हणून एक फाइल आली. करू ना मग?

केतकी: नाही!! काकू, ती उघडूही नका. एपीके, म्हणजे परस्पर ॲप बसवणारी फाइल असणार. अपडेट फक्त प्ले स्टोअरमधून. कोणी फाइल पाठवली, किंवा वेबसाइटवर 'तुमचा क्रोम जुना झाला' असं मोठ्या अक्षरात आलं, की तो चोर समजा. आधीच उघडली असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मोहिते काकू: उघडली नाही गं. आमच्या ह्यांनी ओरडून थांबवलं.

सेक्रेटरी: मग करायचं काय ते सांगा. विंडोज ११ टाकून मिळेल का?

केतकी: मी पाहिलंय ते मशीन. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे, ११ ला साधारण आठवी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. वाकड्या वाटेने बसवता येतं, पण अपडेटची खात्री नाही. नवीन घ्या. घरच्या लॅपटॉपवर १० असेल त्यांनी सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडून पाहा. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेटची मुदतवाढ आहे, त्यासाठी नोंदणी करावी लागते.

राणे: नवीन घ्या, माझी हरकत नाही. फक्त बिलाचा प्रिंट आधी काढून दाखवा, मगच जुना हलवा.

कुलकर्णी मॅडम: तीन कोटेशन मागवते, रविवारच्या कमिटी मीटिंगला ठराव घेऊ. हार्ड डिस्क किरकोळ खर्चातून आजच आणते.

केतकी: आणि डीव्हीआर विसरू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. फार डोकं नाही चालवलं, कंपनीतून येताना असलेले पासवर्ड टाकत गेला. आपला बदललाय ना?

मॅनेजर: मॅडम, बसवला तेव्हाचाच आहे. ॲडमिन, ॲडमिन.

केतकी: दादा, ग्रुपवर कशाला लिहिलात!! शंभर लोक आहेत इथे. डिलीट करा.

मॅनेजर: डिलीट फॉर मी झालं मॅडम. सगळ्यांकडचं कसं काढायचं?

सेक्रेटरी: केतकी, संध्याकाळी सात वाजता ऑफिसला ये. पासवर्ड बदलूनच टाकू.