मराठी कथाखेळ: युनिटीत जोडाक्षरं फुटतात

निशाचर_७:
संवादांवर चालणारा छोटा खेळ करतोय. युनिटीत (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) 'कि'ची वेलांटी क च्या नंतर येते, 'क्ष' तुटतो. नोटो सान्स देवनागरी हा फाँट घालूनही तेच. शिवाय स्टीमवर (खेळांचं ऑनलाइन दुकान) तो विकायला ठेवायचा तर किती खर्च येईल?

कानामात्रा:
दोष फाँटचा नाही. टेक्स्टमेशप्रो, म्हणजे युनिटीतला मजकूर दाखवणारा भाग, देवनागरीचं शेपिंग (अक्षरं जुळवून योग्य रूप देणं) करतच नाही, अक्षरं आली त्या क्रमाने मांडतो. गोडो ४ घ्या, तेही खेळ बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात शेपिंग करणारं हार्फबझ आहे, जोडाक्षरं आपोआप जुळतात. (गोडो ३ नको, तिथे हेच दुखणं.) मजकूर एकेक अक्षराने उमटवणार असाल तर लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर'मध्ये 'आफ्टर शेपिंग' निवडा, नाहीतर आधी 'क्' दिसतो आणि मग टुणकन 'क्ष' होतो. संहिता श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर ऱ्य आणि र्य मात्र हाताने तपासा.

दमडी:
स्टीमचे १०० डॉलर प्रत्येक खेळामागे. विक्री १,००० डॉलरला पोचली की परत मिळतात. पैसे भरल्यावर पहिल्या खेळाला ३० दिवस थांबावं लागतं, आणि खेळाचं 'लवकरच येतोय' पान किमान २ आठवडे आधी लावावं लागतं. स्टीमच्या कर-मुलाखतीत (नोंदणीतल्या कराच्या प्रश्नावलीत) पॅन द्या, म्हणजे अमेरिकेतल्या विक्रीवर ३०ऐवजी १५ टक्के कपात. आधी इच.आयओवर (छोट्या खेळांचं संकेतस्थळ) डेमो टाका. तिथे शुल्क नाही, विक्रीतला त्यांचा वाटा तुम्हीच ठरवता.

निशाचर_७:
म्हणजे संवादांची फाइल तेवढी वाचली, बाकी सगळं नव्याने!

कानामात्रा:
सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) असेल तर तीच चालेल. फक्त यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) जतन करा.