कापूस ठेवलेल्या घरातील तापणारा लॅपटॉप

धाकटी (गावाहून): मोठेबाबा, दादा, वहिनी, मामाजी, सर्वांना नमस्कार. माझा लॅपटॉप गेल्या काही दिवसांपासून दुपारी फार तापतो. सुरू करून अर्धा तास होत नाही तोच पंखा एवढ्या जोराने फिरू लागतो की शेजारच्या खोलीतही आवाज येतो, आणि काल प्रकल्पाचा अहवाल लिहीत असताना तो कोणतीही सूचना न देता बंद पडला. तालुक्याच्या एका दुकानदाराने न उघडताच मदरबोर्ड (आतील मुख्य सर्किट बोर्ड) बदलावा लागेल असे सांगितले. परीक्षा तोंडावर आहे, म्हणून पैसे घालण्यापूर्वी तुम्हा सर्वांचे मत हवे आहे.

मोठेबाबा: बेटा, ओलिताच्या दिवसांत आपल्याकडे व्होल्टेज फार खालीवर होते. त्यामुळेच तो तापत असावा असे मला वाटते. स्टॅबिलायझर घ्यायचा का?

दादा (नागपूर): मोठेबाबा, स्टॅबिलायझरची गरज नाही. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे आपल्याकडचा चढउतार तो सहसा सांभाळून घेतो. धाकटे, न उघडता मदरबोर्डचे निदान करणाऱ्याला सध्या काहीही देऊ नकोस. पंख्याचा आवाज हा स्वतः आजार नाही. आत उष्णता साचली की पंखा वेग वाढवतो, म्हणजे तो आपले काम करतो आहे. उष्णता का साचते आहे, हे आधी शोधायचे. लॅपटॉप कोणत्या खोलीत असतो?

धाकटी: मागच्या टिनाच्या खोलीत. पुढच्या खोलीत पाहुण्यांची ये-जा असते, म्हणून मी तिथेच पलंगावर बसून अभ्यास करते.

दादा: आणि यंदाचा कापूस कुठे ठेवला आहे?

मोठेबाबा: त्याच खोलीत. भाव वाढेल म्हणून अजून विकलेला नाही, अर्धी खोली भरलेली आहे.

दादा: मग माझा पहिला संशय कापसाच्या तंतूंवर आहे. लॅपटॉपचा पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि बाजूच्या किंवा मागच्या फटीजवळील धातूच्या पातळ पात्यांमधून ती बाहेर फेकतो. त्या पात्यांमधील अंतर जेमतेम एक मिलिमीटर असते. साधी धूळ त्यातून बरीचशी निघून जाते, पण कापसाचा तंतू लांब असल्यामुळे पात्यांच्या तोंडावर आडवा अडकतो, त्याच्यावर धूळ बसते, मग आणखी तंतू, आणि काही महिन्यांत पंखा व पाती यांच्यामध्ये घट्ट थर तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही. जिनिंगच्या कार्यालयांतून दुरुस्तीला आलेल्या संगणकांत मी तो नेहमी पाहतो. शिवाय पलंगावरील गोधडी खालची जाळी झाकते, म्हणजे हवा येण्याची वाट बंद आणि जाण्याचीही बंद.

वहिनी (दारव्हा): दादांचे म्हणणे पटते, पण उघडण्यापूर्वी आतला भारही पाहावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त काम घेणारा प्रोग्राम वर येतो. आमच्या शाळेतील एका लॅपटॉपचा पंखा असाच सतत फिरत होता, आणि तपासल्यावर अँटिव्हायरसचे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू असल्याचे आढळले. गावाकडे नेट अधूनमधून येते, त्यामुळे ते आल्याबरोबर विंडोजचे रखडलेले अपडेटही पाठीमागे सुरू होतात.

धाकटी: वहिनी, आत्ताच पाहिले. ब्राउझर आणि वर्ड सोडून विशेष काही नाही, सीपीयूचा वापर दहा टक्क्यांच्या आसपास आहे, तरीही पंखा जोरात आहे.

वहिनी: मग भार हे मुख्य कारण नव्हे. तरी परीक्षा होईपर्यंत एक सोय करून ठेव. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा टर्बो वेग (गरज पडल्यास घेतला जाणारा जादा वेग) बंद होतो. लिखाणाच्या कामात फरक जाणवत नाही, पण उष्णता बरीच कमी होते. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तिथे वीज वाचवणारा पॉवर मोड निवडावा.

मामाजी (आर्णी): आमच्या इथे पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर आहे. त्याने एकदा हवा मारली की सारा कचरा बाहेर पडेल, पैसेही लागणार नाहीत.

दादा: मामाजी, कृपया तसे करू नका. त्या टाकीत पाणी आणि तेलाचा अंश साचलेला असतो, तो थेट बोर्डावर जाईल. एवढ्या दाबाने पंखा त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बेअरिंग खराब होते. आणि तंतूंचा थर बाहेरून मारलेल्या हवेने सुटला तरी उलटा पंख्यातच जाऊन अडकतो. तो उघडूनच काढावा लागतो.

मोठेबाबा: तोपर्यंत कूलरसमोर ठेवला तर चालेल का? ताट्या नव्या लावल्या आहेत, हवा चांगली थंड येते.

दादा: खोलीत कूलर जरूर लावा, पण लॅपटॉप त्याच्या झोताच्या सरळ रेषेत नको, कारण तुषार उडतात. कूलरचा उपयोग का होतो हेही सांगतो. माठातील पाणी बाष्पीभवनामुळे भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, पण लॅपटॉपचा पंखा कोरड्या धातूवर हवा मारतो, त्यामुळे प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा खाली कधीच जाऊ शकत नाही. समजा, एखाद्या कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी वर जातो. थंडीच्या दिवसांत २५ अंशांच्या खोलीत तो ७५ वर राहील, पण मे महिन्यात टिनाखालच्या ४४ अंशांत तेच काम त्याला ९४ वर नेईल. अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. काल तुझ्याकडे हेच झाले असावे. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात, आणि आपला उन्हाळा त्या आकड्याच्या फार पुढे असतो.

धाकटी: दादा, मग दोष कापसाचा आहे की उन्हाचा, हे वेगळे कसे ओळखायचे?

दादा: पहाटे तपास. एचडब्ल्यूमॉनिटर हा मोफत प्रोग्राम घे, लॅपटॉप लाकडी टेबलावर मागच्या कडेखाली दोन पुस्तके देऊन ठेव, काहीही न उघडता वीस मिनिटे सुरू ठेव आणि प्रोसेसरचे तापमान पाहा. पहाटेच्या गारव्यातही ते साठच्या वर राहिले, तर दोष आत आहे. नंतर हवा बाहेर पडते त्या फटीजवळ हात धर. पंखा जोरात फिरत असून हवा नावालाच येत असेल तर वाट तुंबली आहे. हवा भरपूर पण कोमटच येत असेल आणि प्रोसेसर मात्र तापलेला असेल, तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता धातूकडे नेणारा लेप) सुकली असण्याची शक्यता जास्त. आवाजही नीट ऐक: एकसारखा सूंऽऽ आवाज वेगाचा असतो, पण खरखर येत असेल आणि लॅपटॉप तिरपा केल्यावर ती बदलत असेल, तर बेअरिंग झिजले आहे.

धाकटी: आज पहाटे पाहिले. काम नसताना ७१ अंश, आवाज एकसारखा, खरखर नाही, आणि फटीतून हवा जवळजवळ येतच नाही.

दादा: तर मग वाटच तुंबली आहे. रविवारी मी घरी येतो तेव्हा उघडू, तोवर पहाटे आणि रात्रीच अभ्यास कर. मधल्या काळात कोणी उत्साहाने उघडू नये, कारण झाकण काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी लागते आणि स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डाला इजा होते. पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा भाग) सुटे करून थर काढू, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावू. एवढे सगळे सुटे केल्यावर जुनीच पेस्ट ठेवणे योग्य नाही.

धाकटी: सर्वांना कळवते की काल दादाने लॅपटॉप उघडला. पंखा आणि पाती यांच्यामधून बोटभर रुंदीची कापसाची अख्खी पट्टी निघाली. मदरबोर्डला काहीही झालेले नाही. आज पहाटे काम नसताना तापमान ४८ अंश होते, आणि दुपारी पुढच्या खोलीत व्हिडिओ व्याख्यान चालू असतानाही ८० च्या खालीच राहिले. पंखा फिरतो, पण शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही.

मोठेबाबा: तिचे टेबल आता पुढच्या खोलीतच राहील. पाहुणे ओसरीत बसतील.

दादा: उत्तम झाले, मोठेबाबा. धाकटे, इतके दिवस उष्णतेत राहिल्यामुळे बॅटरीवर लक्ष ठेव. काल ती सपाट होती, फुगलेली नव्हती, पण पुढे टचपॅड वर उचललेला वाटला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले तर चार्जर काढून लॅपटॉप लगेच बंद कर आणि मला फोन कर, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नकोस. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेल्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय आहे, तो उन्हाळाभर चालू ठेव.

धाकटी: चालू केला आहे, दादा.