फॅटचा रकाना कर्सर सोडत नाही: विनफॉर्म्समधलं बाइंडिंग

प्रेषक: निपाणीकर

मंडळी, नमस्कार.

परदेशातल्या आपल्या लोकांत डेस्कटॉपवाले बरेच आहेत, म्हणून इथंच विचारतो. चिकोडी भागातल्या एका दूध संकलन केंद्राचा नोंदीचा फॉर्म आहे. सी-शार्प, विनफॉर्म्स (विंडोजचे फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. ‘दूधनोंद’ क्लासमध्ये सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनांश), दर आणि रक्कम. आकड्यांचे पाचही डेसिमल. रकाने आणि ऑब्जेक्ट यांना जोडायला मध्ये एक बाइंडिंगसोर्स. प्रत्येक टेक्स्टबॉक्सची ‘टेक्स्ट’ प्रॉपर्टी डेटाबाइंडिंग्ज.ॲडनं जोडली आहे, फॉरमॅटिंग ट्रू, अपडेट मोड ऑनव्हॅलिडेशन, म्हणजे रकाना सोडताना किंमत ऑब्जेक्टमध्ये जाते.

लॅपटॉपवर फॅट ४.१ टाकलं की कर्सर तिथंच अडकायलाय. टॅब चालत नाही, दुसरीकडं क्लिक होत नाही, फॉर्म बंदसुद्धा होत नाही. एररही काही दिसत नाही. रकाना पुसून मोकळा ठेवला तरी तेच. केंद्रातल्या मोठ्या कीबोर्डवर उजवीकडच्या नंबर पॅडवरून टाकलं तर मात्र बिनतक्रार जातंय. फॉरमॅटिंग फॉल्स केलं की सुटका होते, पण टाकलेला आकडा जाऊन मागचा परत येतो. आता कुठं बघायचं?

प्रेषक: टिळकवाडीकर, सध्या लीड्स

निपाणीकर, नंबर पॅडचं लिहिलंत ते बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. नाव भरायला कीबोर्ड मराठीवर नेला असणार आणि फॅट भरताना तो तसाच राहिला असणार. इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कीबोर्डच्या मांडणीत) वरच्या ओळीतून आकडे देवनागरी पडतात, नंबर पॅड मात्र इंग्रजीच देतो. मजकुराचा आकडा करणाऱ्या डेसिमल.पार्सला इंग्रजी ० ते ९ सोडून दुसरे आकडे कळत नाहीत. विंडोजची भाषा मराठी केली तरी फरक पडत नाही: नंबरफॉरमॅटइन्फोमध्ये नेटिव्हडिजिट्स आणि डिजिटसब्स्टिट्यूशन अशा दोन प्रॉपर्टी आहेत खऱ्या, पण पार्सिंग किंवा फॉरमॅटिंग करताना त्यांना कुणी विचारत नाही.

खात्री करायची तर रकान्यात नुसता १ टाकून टेक्स्टमधल्या पहिल्या अक्षराचा इंट, म्हणजे त्याचा युनिकोड क्रमांक, करून बघा. इंग्रजी एक असेल तर ४९, देवनागरी असेल तर २४०७. हुक्केरी-गोकाककडं कन्नड कीबोर्ड असेल तर ३३०३ दिसेल. नुसत्या डोळ्यांनी बघून ठरवू नका, कारण विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्रजी आकडे देवनागरी रूपात दाखवायची सोय आहे.

कर्सर का अडकतो, तर ऑनव्हॅलिडेशनमध्ये बाइंडिंग त्या टेक्स्टबॉक्सच्या व्हॅलिडेटिंग इव्हेंटवर काम करतं. फॉरमॅटिंग ट्रू असताना पार्स फसलं की ते तो इव्हेंट कॅन्सल करतं. कॅन्सल झालं की फोकस हलत नाही, आणि फॉर्म बंद करतानाही हीच तपासणी होत असल्यानं तोही बंद होत नाही. फॉल्स असताना पार्स फसलं तर ऑब्जेक्टमधली जुनी किंमत गुपचूप रकान्यात परत येते. माझ्या मते अडकलेलं बरं. चुकीच्या फॅटवर दर लागला तर भांडण सकाळी सहाला केंद्राच्या दारात.

उपाय बाइंडिंगच्या पार्स इव्हेंटमध्ये. आलेल्या मजकुरातलं एकेक अक्षर कॅरयुनिकोडइन्फो.गेटडेसिमलडिजिटव्हॅल्यूला द्या. ० ते ९ मिळालं तर तो आकडा लिहा, उणे १ मिळालं तर मूळ अक्षर तसंच ठेवा. दशांशाचा टिंब त्यामुळं शाबूत राहतो, आणि देवनागरी-कन्नड दोन्ही एकाच वाटेनं निघतात.

पुढचं मात्र नीट वाचा, इथं बहुतेकांची फसगत होते. फॉरमॅटिंग ट्रू असेल तर पार्स इव्हेंटमध्ये तुम्ही किंमत बदलली की विनफॉर्म्स स्वतःचं रूपांतर करतच नाही, तुम्ही दिलेलं जसंच्या तसं ऑब्जेक्टमध्ये घालायला जातं. आकडे बदललेली स्ट्रिंगच ठेवलीत तर डेसिमल प्रॉपर्टीत स्ट्रिंग जात नाही आणि कर्सर पुन्हा तिथंच. म्हणून डेसिमल.ट्रायपार्स करा आणि व्हॅल्यूमध्ये डेसिमलच ठेवा. ट्रायपार्स फसलं तर व्हॅल्यूला हात लावू नका, पुढची एरर नेहमीच्या वाटेनं येऊ द्या.

ती एरर दिसावी म्हणून बाइंडिंगसोर्सचा बाइंडिंगकम्प्लीट इव्हेंट जोडा. स्टेट सक्सेस नसेल तर एररटेक्स्ट खालच्या पट्टीवर दाखवा.

मोकळ्या रकान्याचं दुखणं वेगळं. रिकाम्या मजकुराचा डेसिमल होत नाही. एसएनएफ रिकामा चालत असेल तर प्रॉपर्टी नलेबल डेसिमल (किंमत नसलेलीही चालणारा) करा आणि ॲडला नलव्हॅल्यू म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या. फॅट आणि लिटर रिकामे चालणारच नाहीत, ते आहेत तसेच ठेवा. ‘रद्द’ बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन तेवढं फॉल्स करा, म्हणजे ते दाबता येईल, आणि रद्द करून बंद होताना फॉर्मच्या फॉर्मक्लोजिंग इव्हेंटमध्ये कॅन्सल फॉल्स करा, म्हणजे माणूस बाहेर तरी पडेल.

आणि ग्रिडमध्ये भरणार असाल तर हा इव्हेंट तिथं लागू नाही. डेटाग्रिडव्ह्यूचा सेलपार्सिंग वापरा, आणि रूपांतर झाल्यावर पार्सिंगअप्लाइड ट्रू करा.

प्रेषक: निपाणीकर

दादा, २४०७ च निघाला! डेसिमल ठेवल्यावर रकाना सुटला. स्ट्रिंग ठेवायची चूकही करून झाली आधी.

आता तीन गोष्टी राहिल्या. वरच्या टूलस्ट्रिपवरचं (बटणांच्या पट्टीवरचं) ‘जतन’ दाबलं की शेवटी भरलेला रकाना कधीकधी जुनाच राहतो. ‘दूध घालणारा’ आणि ‘पैसे घेणारा’ असे दोन कॉम्बो (उघडणाऱ्या निवड-याद्या) एकाच सभासद यादीवर आहेत, एक बदलला की दुसरा आपोआप बदलतोय. आणि दहा दिवसांच्या बिलात एखाद-दुसऱ्या पैशाचा फरक येतोय.

प्रेषक: खानापूरकर, सध्या मेलबर्न

टूलस्ट्रिपचं बटण फोकस घेत नाही. कर्सर अजून दराच्या रकान्यातच असतो, व्हॅलिडेटिंग झालेलं नसतं आणि तुम्ही ऑब्जेक्ट जतन करून मोकळे. साध्या बटणानं हे होत नाही, म्हणून चाचणीत सापडतही नाही. जतनच्या पहिल्या ओळीत व्हॅलिडेटचिल्ड्रन बोलवा, फॉल्स आलं तर तिथूनच परत फिरा, मग बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट, मग डेटाबेस. क्रम हाच. कंट्रोल-एसची सोय केली असेल तर तिलाही हाच रस्ता.

ऑनप्रॉपर्टीचेंज्ड मोड लावून सुटेल असं कुणी सांगेल. आकड्यांना तो लावू नका. ४१ टाइप करताना आधी ४ ऑब्जेक्टमध्ये जातो आणि तेवढ्यावर दर, रक्कम सगळं हलतं. चेकबॉक्सला मात्र तोच मोड हवा, नाहीतर टिक केल्यावर रकाना सोडेपर्यंत काहीच घडत नाही.

कॉम्बोंचं असं, की फॉर्मवर एका यादीला एकच करन्सीमॅनेजर असतो, म्हणजे ‘सध्या कितवी ओळ’ हे एकच. दोन्ही कॉम्बो तीच ओळ दाखवतात. दोन वेगळे बाइंडिंगसोर्स घ्या, दोघांना हीच यादी द्या, एकेक कॉम्बोला एकेक जोडा. डिस्प्लेमेंबर आणि व्हॅल्यूमेंबर आधी, डेटासोर्स शेवटी. उलट केलंत तर सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड लवकर उडतो आणि सिलेक्टेडव्हॅल्यूत क्रमांकाऐवजी अख्खा सभासद येतो.

आता पैसा. ७.५ लिटर गुणिले ३८.३५ म्हणजे २८७.६२५. एन-२ फॉरमॅटनं (दोन दशांश स्थळं) पडद्यावर २८७.६३ दिसतं, पण ऑब्जेक्टमध्ये २८७.६२५ च असतं. बेरीज त्याची होते. आणि मॅथ.राउंड नुसतं वापरलं तर २८७.६२ येतं, कारण ते मधल्या पाचाला सम अंकाकडं नेतं. रक्कम प्रॉपर्टीतच मॅथ.राउंड दोन स्थळं, मिडपॉइंटराउंडिंग.अवेफ्रॉमझीरो असं करा. पडदा, पावती आणि बिल तिन्हीकडं एकच आकडा येईल. लिटर किंवा दर बदलला की प्रॉपर्टीचेंज्ड (किंमत बदलल्याचं कळवणारा इव्हेंट) रक्कमेच्या नावानंही उडवा.

जाता जाता: सी-शार्पला देवनागरी नावं चालतात, छान वाटतं, पण बाइंडिंगमध्ये ती अवतरणात लिहू नका. ‘शेतकऱ्याचंनाव’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. दिसायला सारखे, आतून वेगळे. शिवाय कंपाइलर नावातला जोडक गाळतो, अवतरणातला गाळत नाही. मग चालवताना ‘कॅनॉट बाइंड टु द प्रॉपर्टी ऑर कॉलम’ येतं आणि माणूस अर्धा दिवस एकच शब्द वाचत बसतो. त्याऐवजी नेमऑफ वापरा, ते कंपाइलरकडचंच नाव घेतं. सभासद नावानं शोधायची सोय असेल तर तिथंही हाच घोळ होणार, जतन करतानाच सगळे ऱ्या एका तऱ्हेचे करून घ्या.

प्रेषक: निपाणीकर

ताई, कॉम्बो आणि जतन दोन्ही झालं. शोधात ‘बिऱ्हाडे’ सापडत नव्हते, ते ह्याच ऱ्हामुळं होय! रक्कम बदलून मागच्या दहा दिवसांचं बिल पुन्हा काढलं, बेरीज जुळली. फक्त जुन्या नोंदींत रक्कम तीन स्थळांपर्यंत साठवलेली आहे, ती तशीच ठेवू की बदलू?

प्रेषक: टिळकवाडीकर, सध्या लीड्स

पैसे वाटून झालेल्या नोंदींना हात नको. जो आकडा पावतीवर गेला तोच राहू द्या, नवं राउंडिंग पुढच्या बिलाच्या पहिल्या तारखेपासून.