पहिलं मशीन कुणाचं होतं? (अनुभव धागा)

वडगावचा माग

1988 साली मी नववीत होतो. शाळा सकाळची. सुटली की बेळगावच्या शहापुरात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचो. पगार नव्हता, चहा मिळायचा, आणि मास्तर सोल्डर करताना टॉर्च धरायचा मान.

त्या दुकानात एक दिवस गोव्याहून एक गृहस्थ पिशवीतून काळं, रबरी बटणांचं काहीतरी घेऊन आले. झेडएक्स स्पेक्ट्रम, टीव्हीला जोडून चालवायचा घरगुती कॉम्प्युटर. तक्रार एवढीच, की टीव्हीवर चित्र येत नाही. मास्तरनं उघडलं, मीटर लावला, म्हणाला, "मशीन ठणठणीत हाय. आपला टीव्ही गावठी हाय." खरंच तसं होतं. स्पेक्ट्रम चित्र सोडायचा यूएचएफच्या 36व्या चॅनेलवर, आणि आमच्या टीव्हीला नुसता व्हीएचएफचा खटका. मग मास्तरनं आतला मॉड्युलेटर (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारा भाग) बाजूला ठेवून थेट व्हिडिओची तार बाहेर काढली आणि दुकानातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या पोटात नेऊन जोडली. त्या टीव्हीची चासी, म्हणजे आतला पत्रा, सरळ मेनवर असायची, म्हणून शॉक बसू नये यासाठी मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. (हे घरी करून बघू नका. आम्ही केलं, कारण आमच्याकडे मास्तर होता.)

मालक "गणपतीत येतो" म्हणून गेले ते शिमग्याला उगवले. मधले सहा महिने ते मशीन आमचं.

गेम कॅसेटवर. टेपरेकॉर्डरची वायर जोडायची, लोड म्हणायचं आणि पाच मिनिटं ती किंचाळी ऐकत बसायचं. कॅसेट दुसऱ्याच्या टेपवर भरलेली असली की हेडचा कोन जुळत नसे. मग टेपच्या झाकणाला भोक पाडून बारका स्क्रूड्रायव्हर आत घालायचा आणि कानानं ऐकत स्क्रू फिरवायचा. आवाज सगळ्यात चिरका झाला की कोन बरोबर. माझी तबल्याची शिकवणी वाया गेली असं आई म्हणायची. कान तिथं तयार झाला हे तिला कोण सांगणार!

पण खरी अडचण मागांची. आमच्या गल्लीत, आजूबाजूला, सगळीकडे माग. ते जोरात चालू असले की व्होल्टेज असं पडायचं की चौथ्या मिनिटाला मशीन रिसेट, पडदा पांढरा, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही लोडिंग करायचो ते माग जेवायला थांबले की. गल्लीत एकदम शांतता झाली की मास्तर म्हणायचा, "चल बे, लाव." 'मॅनिक मायनर' नावाचा गेम होता, 20 गुहांचा. मी सातवीच्या पुढं कधी गेलो नाही, कारण तोवर माग सुरू व्हायचे.

लोड होताना पडद्याच्या कडेला पट्ट्या पळतात. आधी लाल-निळसर, मग निळ्या-पिवळ्या. माझ्यासाठी त्या करड्या होत्या. रंगीत आहेत हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीचा होतो. इंग्लंडहून येणाऱ्या एका पाहुण्याकडून जुना स्पेक्ट्रम मागवला, कीबोर्डची तडकलेली पट्टी बदलली, जुने कपॅसिटर काढून नवे घातले आणि रंगीत टीव्हीला लावला. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी?" व्हय, एवढ्यासाठीच.

तर प्रश्न असा. त्या काळात मशीन स्वतःचं कुणाचंच नव्हतं. तुमच्या हाताला लागलेलं पहिलं मशीन कुणाचं होतं, आणि तुम्ही त्यावर काय खेळलात? 'आमच्या वेळी किती छान होतं' हे नको. मशीनचं सांगा.

कॅम्पातला कारकून

मशीन साहेबांचं. चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस, पीसी एक्सटी, 4.77 मेगाहर्ट्झ, हार्डडिस्क नाही, सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह. त्याला स्वतंत्र खोली, एसी, पडदा, आणि दाराबाहेर चपलांची रांग. आम्हाला पंखा पण नीट नव्हता. क्लायंट यायचे तेव्हा साहेब मुद्दाम दार उघडं ठेवायचे.

साहेब सातला गेले की आम्ही. मॉनिटर हिरवा, आत पडद्यावर चित्र काढणारं हर्क्युलिस कार्ड. गेम सगळे सीजीए नावाच्या दुसऱ्या कार्डावर चालणारे. त्यामुळे आधी 'सिमसीजीए' नावाचा बारका प्रोग्रॅम चालवायचा, तो हर्क्युलिसला सीजीए असल्याचं सोंग घ्यायला लावायचा, मग 'डिगर' किंवा 'पॅराट्रूपर'. पुढं साहेबांनी वेगवान मशीन घेतलं तेव्हा आम्ही खूश झालो, पण डिगर इतका जोरात पळायला लागला की सुरू होण्याआधीच मेलेला. तेव्हा कळलं डब्यावरचं टर्बो बटण कशासाठी. वेग वाढवायला नव्हे, कमी करायला!

आणि तो व्हायरस आठवतो का कुणाला? 'जोशी'. 1990 च्या सुमाराचा, आपल्याच देशात सापडलेला. वर्षभर गप्प बसायचा आणि 5 जानेवारीला मशीन अडवून धरायचा: 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप कर, मग सोडतो. टाइप केलं की खरंच सोडायचा, तेवढा सज्जन होता. आमच्या ऑफिसात व्हायरसचे एक आडनावबंधू होते. त्यांनी बिचाऱ्यांनी जन्मदाखला आणून दाखवला, की माझा वाढदिवस मे महिन्यात आहे म्हणून.

अनगोळचा मुस्तफा

माझं मशीन व्हिडिओ गेम पार्लरवाल्या अण्णाचं. रुपयाचं नाणं. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', 1993 चा, पण ते नाव घेताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. त्यातल्या एका गड्याच्या नावावरून 'मुस्तफा' म्हणायचं. तोच पिवळ्या टोपीवाला घेण्यावरून भांडणं, कारण पळत येऊन लाथ मारायला तोच चांगला.

आम्ही मूळ चंदगडकडचे. बेळगावात नवीनच आलो होतो, कानडी ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी मागं उभी असलेली पोरं सारखी "होडी! होडी!" ओरडायला लागली. मी पडद्यावर होडी शोधतोय. डायनोसॉर आहेत, मोटार आहे, होडी कुठंच नाही. तोवर माझा मुस्तफा मेला. मग एकानं डोक्यात टपली मारून सांगितलं, "होडी म्हंजे मार की रे!"

कानडी मी तिथंच शिकलो. होडी, बेड, बा, होगु. आजही तहसीलदार कचेरीत गेलो की माझं कानडी पार्लरसारखं निघतं, असं समोरचा कारकून म्हणतो. बाबांना मात्र मी शेवटपर्यंत क्लासला जातो असंच सांगत होतो. एक दिवस ते स्वतः तिथं आले. पुढचं लिहीत नाही.

डीटीपीवाली, निपाणी

वरच्या 'होडी'तला ओ ऱ्हस्व आहे बरं का. हे मला माहीत असण्याचं कारण माझा धंदा.

1996 ला लग्न होऊन निपाणीत आले. सासऱ्यांचा छापखाना. खिळे जाऊन कॉम्प्युटर आलेला, पण घरात त्याला हात लावायला सगळे भीत होते, म्हणून तो नव्या सुनेच्या गळ्यात. पत्रिका मराठी, तंबाखूच्या वखारीच्या पावत्या मराठी-इंग्रजी, सरकारी अर्ज कानडी. मला कानडी वाचता येत नव्हतं आणि टाइप करायचं होतं! मला वाचवलं ते इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं. ज्या कळेवर मराठी क, त्याच कळेवर कानडी क. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, भाषा बदला, बोटं तीच. कानडीतले ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळ्या कळांवर, ते पाठ केले. गिऱ्हाईक शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं, मी ऐकून मारायची. वाचायला नंतर शिकले, आधी बोटं शिकली. आजही कानडी पाटी वाचताना माझी बोटं हलतात.

मग बटर पेपरवर लेझरची प्रिंट काढायची आणि ती प्लेटला. मशीनवर 'डेव्ह' होता, 'डेंजरस डेव्ह'. दहा लेव्हल, प्रत्येकीत कप उचलल्याशिवाय दार उघडत नाही. सासूबाईंना वाटायचं सून रात्री उशिरापर्यंत काम करते. लग्नसराईत करायचेच, पण आषाढात कसल्या पत्रिका?

दुखणं एकच. त्या काळातलं सगळं काम जुन्या फॉन्टांमध्ये अडकलंय. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरांचे एकच ठरलेले कोड, नव्हतं, प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी. शेकडो पत्रिका आहेत, आणि आता एकही उघडून वाचता येत नाही.

वडगावचा माग

ताई, फाइली फेकू नका. फॉन्टचं नाव कळलं तर त्याची अक्षरं युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर बऱ्याच फॉन्टांसाठी मिळतात. जोडाक्षरं आणि रफार हातानं नीट करावे लागतात, पण मजकूर निघतो.

उद्यमबाग सीएस

माझं थोडक्यात. 2001, इंजिनिअरिंग, कॉलेजजवळचा कॅफे, तासाला वीस रुपये, काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम. आठ मशीन एकाच काळ्या कोअॅक्स वायरवर माळेसारखी ओवलेली, प्रत्येकाला टी कनेक्टर, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. मधल्या एकाचा पाय वायरला लागला की आठीच्या आठी बाहेर. हरायला लागलेला गडी 'चुकून' पाय कसा हलवतो यावर आमच्यात प्रबंध होऊ शकला असता. आमचा एक मित्र तर हरायच्या आधीच बूट काढून तयार बसायचा.

चिकोडीकडचा

वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर. तिथल्या मशीनला हात लावायला मिळाला नाही. पण प्रिंटरचा कागद, कडेला भोकं असलेला, एका बाजूला कोरा, घरी यायचा. माझ्या सगळ्या वह्या त्याच्याच. गेम म्हणाल तर भोकांच्या पट्ट्या फाडून त्यांची माळ करणे.

जांबोटीचा पाऊस

काका, दोन प्रश्न. मी या सगळ्यांत बारका. आमच्याकडे मामाचा 'मीडिया' कंपनीचा, टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, बंदुकीसकट. हल्लीच माळ्यावरून काढला. चालू आहे, पण बदकं मारायच्या गेममध्ये बंदूक बदकांना लागतच नाही. कार्ट्रिजमध्ये भरपूर फुंकर मारून झाली.

दुसरं, त्याच ट्रंकेत बाबांच्या साडेतीन इंची फ्लॉपी आहेत, 23. बाबा गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. चकतीवर पांढरी बुरशी आलीय. आमच्याकडे पावसात भिंतींना येते, तर फ्लॉपीचं काय! काही निघेल का?

वडगावचा माग

बंदूक ठीक आहे, टीव्ही बदललाय तुझा. खटका ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो, तो त्या चौकोनाची वाट बघतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चौकोन लगेच उमटतो. एलसीडीवर उशिरा येतो, आणि तोवर गेमनं नेम चुकला असं ठरवलेलं असतं. भंगारवाल्याकडून जुना डब्बा टीव्ही आण. आणि फुंकर बंद. फुंकरीनं काही होत नाही, होतं ते काढून परत नीट बसवल्यानं. थुंकीच्या ओलाव्यानं पिना मात्र गंजतात. आपण सगळ्यांनीच मारली, आता पुरे.

फ्लॉपी: आधी ड्राइव्हमध्ये घालू नको. बुरशी हेडला लागली की पुढच्या सगळ्या फ्लॉपी ओरखडतात. पत्र्याचं झाकण सरकवून धर, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं हलक्या हातानं पूस, मधलं चाक थोडं थोडं फिरवत दोन्ही बाजू. पूर्ण वाळू दे. पावसाळ्यात करायचं असेल तर बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात रात्रभर ठेव. मग यूएसबीचा ड्राइव्ह लावून आधी सगळ्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढ, फाइली नंतर बघ. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

जांबोटीचा पाऊस

काका, तीन आठवडे लागले. 23 पैकी 9 वाचल्या गेल्या. सात हिशेबाच्या, डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फाइली. एक कोरी. नववीवर बाबांच्या अक्षरात 'ऑडिट 94' लिहिलंय आणि आत हिशेब नाहीच. आत 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम आहे, आणि त्याची सेव्ह केलेली फाइल. उघडली. लेव्हल 8, 19 मिनिटं शिल्लक.

94 साली मी तीन वर्षांचा, दादा पाच. बाबांना विचारलं. म्हणाले, "त्या साली ऑडिटला लई उशीर झालता."

आता मी तिथूनच पुढं खेळूलालोय, बाबा मागं खुर्ची टाकून बसलेत आणि काही सांगत नाहीत. पुढं जायचं दार उघडलं, पण परतीच्या वाटेवरचं गेट मागून बंद झालं. आत अडकलोय. बटण दिसतंय, पण गेटच्या पलीकडं. उडी पोचत नाही. काय करू?

कॅम्पातला कारकून

सोसायटीचे पण? मला वाटायचं आम्हीच.

वडगावचा माग

काही करू नको. कळा सोड, उभा राहा. थोड्या वेळानं पांढरा उंदीर येतो, राजकन्येनं पाठवलेला. तो बटणावर पाय देतो.