झोपेत गुपचूप इन्सुलिन टोचावं का?

लेकीची आई, पुणे
काल एका काकांनी लिहिलं, "लहान पोरांना सुई दाखवूच नका. झोपली की हळूच टोचा, जागी झाली तर मुंगी चावली म्हणा." वाचून डोकंच फिरलं. टाइप १ मधुमेह म्हणजे दोन दिवसांचा ताप नाही. रोज चार सुया, त्याही जन्मभर. झोपेत टोचतात हे एकदा कळलं की पोर झोपायलाच घाबरतं. आमची पाच वर्षांची लेक जागा स्वतः सांगते, आज मांडी की पोट. वापरातलं इन्सुलिनचं पेन मी फ्रिजबाहेर ठेवते, गार इन्सुलिन जास्त झोंबतं. सुई ४ मिलिमीटरची, दर वेळी नवी. "दुखणार नाही" असं मी तिला कधीच सांगत नाही. टुचकन दुखेल, मग दहा आकडे मोजायचे, मग सुई बाहेर. आकडे तीच मोजते, मी घाई केली तर ओरडते.

आजोबा, सोलापूर
तो काका मीच. नातू दोन वर्षांचा आहे, त्याला काय विचारू, मांडी की पोट? दिवसा चौघांनी धरावं लागतं, सगळी आळी गोळा होते. रात्रीचं झोपेत देतो, हूं की चूं करत नाही. तुमची पोरगी शहाणी असेल, सगळ्यांची नसतात.

लेकीची आई, पुणे
शहाणी नाही काका, तीही लाथा मारायची. चौघांनी धरलेलं पोर पुढे डॉक्टरच्या दारातही पाय ठेवत नाही.

सिस्टर, मुलांचा वॉर्ड
दोघांनाही सांगते. काका, चौघं नकोत. आईने मांडीवर छातीशी घट्ट धरून बसवावं, टोचणारा एकच. आणि ताई, जागा पूर्णपणे मुलीवर सोडू नका. मुलं तीच तीच जागा मागतात, कारण तिथे गाठ धरते आणि दुखणं कमी होतं. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, मग शुगर वरखाली का होते म्हणून आईबाप हैराण. बोटाने चाचपून बघत जा.

चौथीतल्या मुलाचा बाबा
घरचं निभतं हो, शाळेचं बोला! माझा मुलगा मधल्या सुट्टीत संडासात उभा राहून टोचून घेतो, कारण "बाकीची मुलं घाबरतात". शुगर ७० च्या खाली गेली, हात थरथरत होते, तर बाईंनी तासाला खायचं नाही म्हणून बिस्किटं दप्तरात ठेवायला लावली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सगळ्या राज्यांना कळवलंय की वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, खाऊ द्या. कोण वाचतं?

प्राथमिक शिक्षिका
आमच्यापर्यंत पोचतं का ते पत्र? वर्गात पन्नासच्या वर मुलं, नर्स नाही. आणि निम्मे पालक लपवतात, विशेषतः मुलींचे. "पुढे लग्नाला अडचण येईल, कुणाला सांगू नका." मुलगी चक्कर येऊन पडली की मग धावत येतात.

चौथीतल्या मुलाचा बाबा
मी पहिल्याच दिवशी लेखी दिलं होतं मॅडम. लपवलं म्हणू नका.

प्राथमिक शिक्षिका
तुम्हाला नाही म्हणाले. बिस्किटं बंद करायला लावणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण सुई मी टोचणार नाही, माझा हात धजत नाही.

चौथीतल्या मुलाचा बाबा
टोचायला सांगतंय कोण? तो स्वतः टोचतो. त्याला बसायला खुर्ची द्या, टेबलावर ग्लुकोजचा पुडा राहू द्या. एवढंच मागतोय.

प्राथमिक शिक्षिका
एवढं माझ्या वर्गात होईल. बाकीच्यांची हमी मी कशी देऊ?

आजोबा, सोलापूर
मूळ मुद्दा राहिला बाजूलाच. मांडीवर धरायचं करून बघतो, सिस्टर म्हणतात म्हणून. रात्रीचं मात्र झोपेतच देणार.

लेकीची आई, पुणे
द्या. पण झोपायच्या आधी त्याला सांगा, रात्री देणार आहे म्हणून. मुंगीचं नाव घेऊ नका.