आई-बाबांना इंग्रजीत ‘जरा जाऊन येतो’ कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत, इथून पुढे बहिणीकडे न्यू जर्सीला. बाबांना मधुमेह आहे, लघवीला सारखं जावं लागतं. इंग्रजी पेपर वाचतात, पण चारचौघांत हे विचारायचं म्हटलं की दाबून धरतात. कोणते शब्द शिकवू?

---

नमस्कार दादा,
आधीच विचारलंत ते फार बरं केलंत. मधुमेहात दाबून धरणं मुळीच चांगलं नाही.

इंग्लंडात ‘व्हेअर इज द टॉयलेट, प्लीज?’ एवढं पुरे. पाट्यांवरही तोच शब्द असतो. ओळखीच्या घरी ‘लू’ म्हटलं तरी छान. अमेरिकेत मात्र ‘टॉयलेट’ म्हटलं की थेट भांडंच डोळ्यांपुढे येतं. तिथे दुकानात, हॉटेलात ‘रेस्टरूम’ आणि कुणाच्या घरी ‘बाथरूम’ म्हणावं. जेवताना उठायचं असेल तर ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून सरळ उठावं, कारण सांगावं लागत नाही. ‘बॉग’, ‘जॉन’ हे मित्रामित्रांतले शब्द, कळले तरी बास. लंडनला शेजारच्या आजी ‘स्पेंड अ पेनी’, म्हणजे लघवीला जाऊन येते, म्हणाल्या तर दचकू नका. पूर्वी इथल्या सार्वजनिक शौचालयांच्या दारांना पेनी टाकून उघडायची कुलपं असत, त्यातून ते आलं.

मी इथे हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करते, म्हणून खरी काळजी वाटते ती पुढच्या शब्दांची. नर्स विचारते, ‘हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स?’ म्हणजे शौचाला झाली का? आपली वडीलधारी माणसं अर्थ न कळताच मान डोलावतात. नर्स तक्त्यावर ‘हो’ लिहून पुढे जाते, आणि पोट तीन-चार दिवस साफ नसलं तरी रेचक मिळत नाही. ‘पासिंग वॉटर’ म्हणजे लघवी. नर्स ‘वी’ आणि ‘पू’ मोठ्यांशीही बोलते, त्यात अपमान नसतो. आपल्याकडचं ‘लूज मोशन’ इथे सगळ्यांना कळेलच असं नाही, ‘डायरिया’ म्हणावं. आईंनाही हे सांगा, त्या बाबांहून जास्त लाजतील.

---

ताई, मनापासून आभार. बॉवेल्सचं मलाही माहीत नव्हतं. सगळं मोठ्या अक्षरांत देवनागरीत छापून दोघांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवतो. ‘रेस्टरूम’ त्या कागदावर सगळ्यात वर, कारण बहीण दिवसभर ऑफिसात असणार आणि बाबा एकटेच फिरायला बाहेर पडणार.