शेंगेन व्हिसा असला की अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, सर्बिया व्हिसामुक्त. मग सिंगल एन्ट्री पुरेल का?

वाटसरू_मी

मावसबहिणीबरोबर साधारण महिनाभराचा बेत ठरतोय. आधी रोम, मग बारीहून रात्रीच्या फेरीबोटीने अल्बानियातलं दुर्रेस, तिथून मॉन्टेनेग्रोतलं कोतोर. पुढे बार ते बेलग्रेड रेल्वेने (या मार्गासाठीच सगळा अट्टहास आहे) आणि शेवटी बसने व्हिएन्ना. परतीचं विमान तिथूनच. जमलं तर कोतोरहून एक दिवस दुब्रोव्निक.

माझ्या पासपोर्टला शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या २९ देशांचा मिळून एकच) व्हिसा लागतो, बहिणीच्या पासपोर्टला लागत नाही. शेंगेन व्हिसा असेल तर मधल्या तीन देशांत वेगळा व्हिसा लागत नाही, असं सगळीकडे वाचलं. मग साधा सिंगल एन्ट्री (एकदाच आत शिरता येणारा) घेऊन भागेल? की प्रत्येक देशाचा टुरिस्ट व्हिसा काढून निर्धास्त व्हावं? बहीण आधीपासूनच स्पेन-पोर्तुगालमध्ये फिरते आहे. ती म्हणते, बाल्कनमध्ये, म्हणजे या मधल्या देशांत, पाऊल ठेवलं की शेंगेनमध्ये व्हिसाविना राहायचे तिचे ९० दिवस पुन्हा शून्यापासून सुरू होतात. खरं आहे का?

काउंटरपलीकडून

मी बरीच वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला प्रवाशांचे कागद तपासले आहेत. त्यामुळे तुमचा बेत वाचताना मी एवढंच बघत गेले, की तुम्ही शेंगेनमध्ये शिरताय किती वेळा. देश मोजू नका, प्रवेश मोजा. रोम हा पहिला प्रवेश. दुब्रोव्निक दुसरा, कारण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. त्याआधी लिहिलेली प्रवासवर्णनं अजून फिरत असतात, त्यात तो बाहेरचा देश असतो. आणि शेवटचा प्रवेश तिसरा. म्हणजे सिंगल सोडाच, तुम्हाला डबल एन्ट्रीही पुरणार नाही. दुसरा प्रवेश त्या एका दिवसाच्या सहलीत खर्च होईल आणि व्हिएन्नाची बस हंगेरीच्या हद्दीवर आली की तुम्हाला उतरवतील.

आता व्हिसामुक्त प्रवेशाचं. सवलत खरी आहे, पण ती तुमच्या पासपोर्टला मिळालेली नाही, पासपोर्टवरच्या व्हिसाला मिळालेली आहे. तो व्हिसा चालू असेपर्यंतच ती टिकते. सिंगल एन्ट्री व्हिसा बारीच्या बंदरातून बाहेर पडलात की संपला, मग स्टिकरवर पुढची तारीख का असेना. अल्बानियाचा नियम आणखी कडक आहे. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा आणि तो आधी शेंगेनमध्ये एकदा वापरलेला हवा. आधी रोम, मग दुर्रेस हा तुमचा क्रम त्यात नीट बसतो, उलटा क्रम बसला नसता. मॉन्टेनेग्रो या सवलतीवर ३० दिवस राहू देतो, सर्बिया १८० दिवसांत ९०, पण तेही व्हिसाच्या मुदतीतच.

म्हणून तीन वेगळे व्हिसे काढू नका. एकच शेंगेन व्हिसा घ्या, मात्र मल्टिपल एन्ट्री मागा. अर्जात तसा रकाना असतो आणि शुल्क तेवढंच पडतं. पण नुसती खूण करून थांबू नका, कारण तुम्हाला परत का शिरायचंय हे अर्ज वाचणाऱ्याला कागदावर दिसलं पाहिजे. फेरीबोटीचं आरक्षण, बसचं आरक्षण आणि कुठल्या तारखेला बाहेर, कुठल्या तारखेला परत आत, असा दिवसवार तक्ता जोडा. शेंगेनमधला जास्त मुक्काम इटलीत असेल तर अर्ज इटलीकडेच करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

व्हिसा हातात आला की तिथेच उभं राहून स्टिकर वाचा. प्रवेशांच्या जागी ‘मल्ट’ आहे का? मुदतीच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात, ते दोन्ही पाहा. मी हे इतकं लावून धरते, कारण पूर्ण पैसे भरलेली तिकिटं हातात घेऊन काउंटरवर रडणारी माणसं मी पाहिली आहेत. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड आणि त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीवर येतो. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला कितीही वाईट वाटलं तरी त्याच्या हातात काही नसतं.

नकाशावेडा

बहिणीला सांगा, शून्यापासून काही सुरू होत नाही. शेंगेनचा हिशेब सरकता आहे. ज्या दिवशी ती आत असेल, त्या दिवसापासून मागचे १८० दिवस धरायचे आणि त्यात शेंगेनमधले दिवस ९० च्या वर जायला नकोत. सगळे २९ देश मिळून ९०, देशागणिक नव्हे. शिरण्याचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस, दोन्ही मोजतात. बाल्कनमध्ये असताना नवे दिवस मोजले जात नाहीत, एवढाच त्याचा फायदा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद सुरू झाली, त्यामुळे अंदाजाने चालू नका. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर दिवस मोजायचं गणनयंत्र आहे, त्यात तिच्या सगळ्या तारखा भरा.

आणि वाट वाकडी करून कोसोवोत शिरायचा मोह झाला तर थांबा. सर्बिया कोसोवोला आपलाच भाग मानतो, म्हणून ती हद्द आंतरराष्ट्रीय सीमा मानत नाही. अल्बानियातून कोसोवोत आणि तिथून थेट सर्बियात गेलात, तर सर्बियाच्या लेखी तुम्ही अधिकृतपणे शिरलेलाच नसता.

वाटसरू_मी

दुब्रोव्निकचं तर डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीचा हिशेब आज रात्रीच करते. मागूनही मल्टिपल मिळाला नाही तर?

काउंटरपलीकडून

डबल मिळाला तर दुब्रोव्निक सोडा. अल्बानियाला लागणाऱ्या मल्टिपलमध्ये डबल धरतात का, हे त्यांच्या वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. नाहीतर अल्बानियाचा ई-व्हिसा काढा, तो ऑनलाइन होतो. सिंगलच मिळाला तर मॉन्टेनेग्रो आणि सर्बियाच्या हद्दीवर त्याच्या भरवशावर जाऊ नका. अल्बानियाच्या ई-व्हिसाबरोबर त्या दोघांचेही स्वतंत्र व्हिसे काढा आणि परतीचं विमान बेलग्रेडहून घ्या. फक्त ते शेंगेनबाहेरच्या विमानतळावरून, इस्तंबूल किंवा दोहावरून, जाणारं आणि एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं असली की बरेचदा सामान घ्यायला बाहेर यावं लागतं आणि तिथे पुन्हा व्हिसाचा प्रश्न येतो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत व्हिएन्नाचं परतीचं तिकीट बदलता येईल असंच ठेवा.